अठरातले दोन

सरावाच्या दिवशी सकाळी सात वाजता नर्सिंग कॉलेजातून फोन आला. परीक्षेचं वेळापत्रक बदललंय, जखमी व्हायला अठराऐवजी चौदाच मुली येतील. मी म्हणाले, "काही हरकत नाही." हे वाक्य मी म्हणते तेव्हा मोठीच हरकत असते, हे आमच्या कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना माहीत आहे. वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, हेडफोन कानावरून खाली घेतला. कंट्रोल रूम तिच्या ताब्यात असते.

"किती कमी?"

"चार."

"मग चौदा जखमींचा अपघात कर. बस थोडी हळू उलटली म्हणायचं."

पण कागद गेला होता. 'उलटलेली बस, अठरा जखमी, पाच रुग्णवाहिका, पंचेचाळीस मिनिटं' असा आराखडा मीच महिन्यापूर्वी मोठ्या दिमाखात तपासणी अधिकाऱ्यांकडे पाठवला होता. त्या दहा वाजता येणार होत्या. सराव नीट झाला तर परवाना पाच वर्षांसाठी पुढे चालू. नाही झाला तर आमची सेवा बंद, आणि इथल्या माणसानं छातीत कळ आली की साठ किलोमीटरवरच्या गाडीची वाट बघायची. मी या सेवेची संचालन आणि प्रशिक्षण प्रमुख आहे. गाड्या कुठे उभ्या राहतील, ड्यूटीवर कोण असेल आणि मान मोडलेल्या माणसाला उचलताना आधी कोण बोलेल, हे सगळं मी ठरवते. चार जखमी मात्र मला ठरवून आणता येईनात.

शेवटी मी घरी फोन केला. आई लगेच हो म्हणाली. काकू तर मी वाक्य पुरं करायच्या आत हो म्हणाली आणि विचारलं, "ओरडायचं असेल ना?" बाबा म्हणाले, "सेवा मी सुरू केली, आता तिच्यात पेशंट म्हणून येतो. बढतीच आहे." काकांनी फक्त विचारलं, "तो कुठे असणार?"

'तो' म्हणजे बाबा. दोघा भावांनी मिळून बेकरीची एक जुनी व्हॅन घेऊन ही सेवा उभी केली. पहिली दोन वर्षं पेशंट दवाखान्यात बिस्किटांच्या वासासकट पोचायचे. बाबा फोन घ्यायचे, काका गाडी चालवायचे. मग अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी काका एका कॉलला उशिरा पोचले आणि माणूस गेला. चौकशी झाली. प्रमुख म्हणून बाबांनी अहवालात लिहिलं की चालकानं वळण चुकवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, ती ठेवलीच. तेव्हापासून दोघं एकाच इमारतीत वर-खाली राहतात, नळाच्या आवाजावरून एकमेकांची आंघोळीची वेळ ओळखतात, आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

"तुम्ही एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला," मी काकांना म्हणाले. "गाडीसुद्धा वेगळी."

आणि तसंच केलं. गोदामाच्या आवारात भंगारातली बस आडवी पाडून ठेवली होती. बाबांना मी तिच्या पुढच्या दाराशी ठेवलं: लाल पट्टी, मणक्याला मार, हलायचं नाही. काकांना मागच्या भिंतीपाशी: हिरवी पट्टी, किरकोळ खरचटलेलं, स्वतःच्या पायानं चालत येतील. दोघांमध्ये साठ पावलं आणि अख्खी बस. एवढं बारीक नियोजन मी कुठल्या खऱ्या अपघातातही केलेलं नाही.

*

काकूनं काय केलं ते मला नंतर कळलं. सांगितलं तिनंच, कारण तिच्या पोटात काही राहत नाही, आणि हे तर तिला स्वतःचं मोठं कर्तृत्व वाटत होतं.

तिला कार्ड मिळालं होतं 'मनगट मुरगळलेलं'. शाळेच्या नाटकात एके काळी तिनं राणीचं काम केलं होतं, त्यामुळे ती जरा खट्टू झाली. "मनगटावर माणूस किती ओरडणार?" ती आईला म्हणाली. दोघी जावा बसच्या मागच्या चाकापाशी बसल्या होत्या. आईच्या कपाळावर लाल रंग लावलेला होता आणि ती तो सारखा पदरानं पुसत होती.

"पुसू नका ना ताई. तुमचं डोकं फुटलंय."

"चिकट आहे गं." आईनं पुढच्या दाराकडे पाहिलं. बाबा आकाशाकडे तोंड करून निजले होते. "बघ, कसे पडलेत. घरी पाच मिनिटं स्वस्थ बसत नाहीत."

"आमचे तिकडे भिंतीला टेकून. परीक्षेला बसल्यासारखे."

या दोघी रोज दुपारी गच्चीवर कपडे काढायला म्हणून जातात आणि तासभर खाली येत नाहीत. अकरा वर्षं दोन घरांमधलं सगळं दळणवळण या गच्चीवरून चाललंय: कुणाला ताप आला, कुणाचा रक्तदाब वाढला, कुणी कुणाचं नाव झोपेत घेतलं.

"ताई," काकू म्हणाली, "लाल पट्टीवाल्यांना हलता येत नाही ना?"

"तसं सांगितलंय तिनं."

"आणि दोन लालवाले एका गाडीत जातात?"

आईनं पदर खाली केला. काकूच्या म्हणण्याप्रमाणे आई म्हणाली, "जा मग, लवकर जा." आईच्या म्हणण्याप्रमाणे ती काहीच म्हणाली नाही. काकू उठली. बाबांच्या शेजारी एक मुलगी धुळीत पडली होती, लाल पट्टी, दोन्ही पाय मोडलेले. काकूनं तिला विचारलं, "बाळ, तुला उठून सावलीत उभं राहायला आवडेल का?" मुलीनं पट्टी काढून हातात दिली. ती पट्टी आणि ते कार्ड काकूनं काकांना नेऊन दिलं, त्यांची हिरवी पट्टी मुलीसाठी मागून घेतली आणि सांगितलं, "प्रमुखबाईंनी बदललंय."

काका आयुष्यभर सेवेत राहिलेला माणूस. हुकूम लेखी असला की ते प्रश्न विचारत नाहीत. कार्डावर लिहिलेल्या जागी येऊन आडवे झाले आणि मग त्यांनी मान वळवली. तोवर शिट्टी झाली होती.

*

पहिली वीस मिनिटं सराव इतका सुरेख झाला की मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. माझ्या बाबतीत हे लक्षण वाईट असतं. माझी माणसं धावत होती, पट्ट्या बघत होती, एकमेकांना मोठ्यानं सांगून उचलत होती. तपासणीच्या बाई माझ्या शेजारी उभ्या राहून लिहीत होत्या. काकू मनगट धरून असं ओरडत होती की त्यांनी एकदा लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

चार नंबरची गाडी दादा चालवत होता. त्यानं दोन लालवाले आत घेतले आणि वायरलेसवर म्हणाला, "अगं, माझ्या गाडीत कोण आहेत ते बघितलंस का?"

"पेशंट आहेत," मी म्हणाले. "निघ."

शेजारी बाई होत्या. मला रुबाबात बोलायचं होतं.

पेशंट उतरवायचे होते गोदामाच्या मोठ्या हॉलमध्ये. तोच आमचा दवाखाना. चार नंबर कोपऱ्यावरून वळली आणि मला तिच्यामागे जमिनीवर तेलाची बारीक काळी रेघ दिसली. त्या गाडीचं तेल गळतं हे मला आठ दिवस माहीत होतं. दुरुस्तीच्या वहीत मीच 'सराव झाल्यावर' असं लिहिलं होतं. बाई त्याच दिशेनं चालू लागल्या होत्या.

मी वायरलेस तोंडाशी धरला. "चार नंबर, गाडी मागच्या शेडमध्ये लाव. लगेच. आणि पाच नंबर घेऊन ये."

"अगं पण आत..."

"वायरलेसवर वाद नको."

दादानं वाद घातला नाही. गाडी शेडमध्ये लावली, इंजिन बंद केलं, आणि त्याला वाटलं की आतल्या दोघांना उतरवायला मी कुणाला तरी पाठवीन. इतर कुणी असं वाटून घेतलं असतं तर मी त्याला तासभर झापलं असतं.

शेवटी वहिनीचा आवाज आला. "कंट्रोलकडून. हॉलमध्ये सोळा नोंदलेत. अठरा हवेत."

मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी पहिलं वाक्य शिकवते ते असं: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माणूस मोजायचा नाही. फळ्यावर लिहिते, खाली दोनदा रेघ मारते.

"दोन वाटेत आहेत," मी म्हणाले. "अठरा धर."

"पाहून सांगतेस ना?"

"हो."

एकेचाळीस मिनिटं. चार मिनिटं राखून. टाळ्या वाजल्या. मग बाईंनी हॉलमध्ये फिरून माझ्या माणसांना तासभर प्रश्न विचारले, आणि सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. माझी माणसं चांगलीच तयार झाली आहेत. चूक त्यांच्यात नव्हती.

*

शेडमधल्या गाडीत मी नव्हते. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "काही विशेष नाही." हे काकांनी सांगितलेलं.

दादाच्या पावलांचा आवाज लांब गेला. वरची झडप उघडी होती, हवा येत होती. बाबा स्ट्रेचरवर, गळ्याला कॉलर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा, छातीवर पट्टा. काका बाजूच्या बाकावर, दोन्ही पाय एकत्र फळीला बांधलेले. काकांना पट्टे सोडवता आले असते. दारही आतून उघडतं. पण कार्डावर लिहिलं होतं 'चालता येत नाही', आणि दुसरं म्हणजे आधी जो हलेल तो हरला, असं त्यांना वाटलं. बहात्तर वर्षांच्या माणसाला असं वाटावं याची त्यांना सांगताना लाज वाटत होती, पण वाटलं खरं.

हे दोघं बोलायला लागले तर काय बोलायचं, याचं एक मोठं भाषण काकांकडे तयार होतं. अकरा वर्षं त्यांनी ते आंघोळीच्या वेळी म्हटलेलं होतं. त्यात तीन भाग होते. सुरुवात 'अण्णा, मी तुला एकच विचारतो' अशी होती आणि पुढे नऊ प्रश्न होते. आता माणूस समोर बांधून ठेवलेला होता, उठून जाऊ शकत नव्हता. इतकी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती. काकांनी घसा साफ केला.

"पायाला मुंग्या आल्यात," ते म्हणाले.

बाबा छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पट्टा वर बांधलाय. घोट्याच्या वर चार बोटं हवा."

"गुडघ्याला लावलाय."

"गुडघ्याला? कोणी शिकवलं यांना?"

"तुझ्या मुलीनं."

"तुझी पुतणी आहे ती."

"माझ्या गळ्यात नको घालूस. मी असताना असे पट्टे बांधत नव्हते."

"माझी कॉलर बघ. उलटी आहे का?"

काकांनी वाकून पाहिलं. "सरळ आहे. साइज मोठी आहे. तुझी हनुवटी आत गेलीये. कासवासारखा दिसतोयस."

अशी त्यांची सुरुवात माझ्या प्रशिक्षणाला नावं ठेवण्यापासून झाली. काका म्हणतात, दहा-बारा मिनिटं तरी त्यांनी माझ्या कामाचे दोष काढले आणि दोघांचं प्रत्येक मुद्द्यावर एकमत झालं. मला आनंद आहे की मी काही तरी जोडलं.

मग बोलणं संपलं. बाहेर कुठेतरी टाळ्या वाजल्या. कुणी आलं नाही.

"विसरले बहुतेक," काका म्हणाले.

"येतील." मग बाबा म्हणाले, "टाकी जुनी होती."

काकांना आधी कळलं नाही.

"त्या दिवशी फोनवर ती बाई म्हणाली, पाण्याच्या जुन्या टाकीजवळ. मी लिहिलं, नवी. तुला मी नवी सांगितली. तू बरोबर गेलास. वळण चुकलं नव्हतं तुझं. तिथे पोचलास, मला विचारलंस, मी पुन्हा नवीच म्हणालो. नऊ मिनिटं गेली."

"मला माहीत आहे."

बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. उशांमुळे वळेना.

"माहीत आहे?"

"मी गाडी चालवत होतो, अण्णा. मला कुठली टाकी सांगितली ते मला ऐकू आलं होतं."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. प्रमुख तू होतास. पहिला आठवडा वाट बघितली. मग महिना. मग मला वाटलं आता आपण बोललो तर भावावर ढकलल्यासारखं दिसेल. नंतर सवय झाली."

"प्रमुखाची चूक लिहिली असती तर परवाना गेला असता," बाबा म्हणाले. "चालकाची लिहिली तर एक माणूस जातो, सेवा राहते. असा हिशेब केला मी. घरी जाऊन जेवलोसुद्धा त्या दिवशी. सेवेसाठी केलं, असं बरीच वर्षं म्हणत होतो. स्वतःलाच. दुसरं कोण विचारत होतं?"

काकांना आपल्या भाषणातला एकही प्रश्न आठवेना. राग येईल असं त्यांना वाटलं होतं. राग आलाच, पण तो इतका जुना होता की त्याला उठायला वेळ लागला, आणि तोवर त्यांच्या लक्षात आलं की बाबांच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळतंय आणि हात पट्ट्याखाली असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नाही. काकांनी पायाचे पट्टे सोडले. उठून बाबांच्या हाताचा पट्टा सैल केला.

"तू पुसून द्यायचंस ना," बाबा म्हणाले.

"नाही," काका म्हणाले. "ते तुझं तू पूस."

*

मी तेव्हा चहा पीत होते. बाईंनी कागदावर सही केली होती, 'उत्तम' असा शेरा दिला होता आणि त्या आपल्या गाडीकडे निघाल्या होत्या. मी लोकांकडून अभिनंदन स्वीकारत होते आणि ते स्वीकारताना 'टीमचं श्रेय आहे' असं म्हणत होते, म्हणजे लोक 'नाही नाही, तुमचंच' म्हणतील.

आई आली. कपाळ आता अर्धवट लाल होतं. "तुझे बाबा कुठे आहेत?"

"असतील आत."

"आत नाहीत. बघून आले."

"आमचेही नाहीत," काकू म्हणाली, आणि ती आईकडे ज्या पद्धतीनं बघत होती त्यावरून मला काहीतरी कळायला हवं होतं.

तेवढ्यात वहिनी आली. हातात रजिस्टर. "पट्ट्या सोळाच जमा झाल्या. दोन लाल कमी आहेत." तिनं आवाज चढवला नाही, तिला तशी गरज पडत नाही. "तू पाहून सांगितलं होतंस."

दादा पलीकडे पाच नंबरच्या बॉनेटला टेकून उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा मला दिसला.

आम्ही पाचही जण शेडकडे पळालो. पळताना माझ्या डोक्यात आकडेच येत होते. चौऱ्याहत्तर आणि बहात्तर, बंद गाडी, पावणेदोन तास. अख्ख्या सेवेत सगळ्यात जास्त पगार घेणारी बाई स्वतःचा बाप आणि काका हरवून चहा पीत होती.

दादानं दार उघडलं. बाबा स्ट्रेचरवर उठून बसले होते, कॉलर काढून मांडीवर ठेवलेली. काका समोर. दोघांनी उजेडामुळे डोळे बारीक केले.

"दार लाव," बाबा म्हणाले. "आमचं व्हायचंय अजून."

मग आई खालीच, गाडीच्या पायरीवर बसली आणि काकूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघी रडत होत्या आणि खुशही होत्या. मी तिथे उभी राहून विचार करत होते की सही झालेला कागद आता काय करायचा.

"काही करायचं नाही," दादा म्हणाला. मी मोठ्यानं बोलले असणार. "दोघं ठणठणीत आहेत. सराव झाला, सही झाली. गाडी मी लावली इथे, माझंही नाव येईल."

"खरंच गं," आई डोळे पुसत म्हणाली. "कुणाचं काय बिघडलं?"

"पट्टी मी बदलली," काकू म्हणाली. "म्हणजे चूक माझी. ती बाहेरच्या माणसांना कशाला सांगायची?"

वहिनी दादाच्या बाजूची असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "माझ्या रजिस्टरात अठरा लिहिलंय. तुझ्या शब्दावर. ते मी आज खोडणार. तू कागदाचं काय करायचं ते तू बघ."

तीन विरुद्ध एक. मी बाबांकडे पाहिलं. या सेवेचा पहिला प्रमुख, ते काहीतरी ठाम बोलतील.

"माझं नको ऐकूस," बाबा म्हणाले. "या विषयातला माझा अनुभव वाईट आहे."

काका एकदम हसले. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

मी बाईंकडे गेले. सद्सद्विवेकबुद्धीनं गेले असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे वहिनी रजिस्टर खोडणार होती आणि मग दोन कागदांवर दोन आकडे राहणार होते. पण निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं की तिनं खोडलं नसतं तरी मी गेले असते, आणि या गोष्टीचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. बाई गाडीत बसून चपला बदलत होत्या. मी तेलापासून सगळं सांगितलं.

"मी निघाले होते," त्या म्हणाल्या. वैतागलेल्या होत्या. त्यांना भूक लागली होती. त्यांनी पिशवीतून कागद काढला, पेन सापडेना, मी माझं दिलं. त्यांनी सहीवर आडवी रेघ मारली. "तीन महिन्यांनी पुन्हा. तोवर तात्पुरता परवाना. चार नंबरची गाडी आजपासून रस्त्यावर नको. आणि तुम्ही..." त्यांनी माझ्याकडे बघत पेन परत दिलं. "पुढच्या सरावापर्यंत तुम्ही प्रशिक्षण द्यायचं नाही. घ्यायचं. पहिल्या धड्यापासून."

*

संध्याकाळी मी प्रशिक्षणाच्या खोलीत बसून चूक नोंदवायचा फॉर्म भरत होते. चार पानी आहे. मीच तयार केलाय. भरायला बसल्यावर कळलं की तो फार लांब आहे आणि प्रश्न उद्धटपणे विचारलेत.

बाबा आत आले, मागे काका.

"असा अजून एक आहे का?" बाबांनी विचारलं.

"कशाला?"

त्यांनी सांगितलं. खुर्चीत बसून, टेबलाकडे बघत, सगळं. जुनी टाकी, नवी टाकी, नऊ मिनिटं. काका खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते. मी सोळा वर्षं या सेवेत आहे, तो अहवाल मी वाचलेला आहे. इतकंच नाही, 'चालकानं रस्ता निश्चित करून निघावं' हे शिकवताना तो किस्सा, नाव न घेता, उदाहरण म्हणून सांगते. काकांच्या समोर बसून ते मला आठवलं.

मी फॉर्म दिला. बाबा चष्मा सारखा वर करत लिहीत होते. दोघा भावांचे चष्मे नीट बसत नाहीत, कारण गेलेला माणूस चष्मेवाला होता. त्याचं दुकान आता त्याची बायको चालवते आणि अर्धं गाव तिथूनच चष्मे घेतं. हे दोघं सोडून.

"इथे विचारलंय, घटनेनंतर किती तासांत नोंद केली," बाबा म्हणाले. "दोनच चौकटी आहेत."

"बाजूला लिहा."

त्यांनी बाजूला लिहिलं. मग पेन ठेवलं. "हे कागदावर झालं. तिला कोण सांगणार?"

"तू," काका म्हणाले. "मी येतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोघांना घेऊन गेले. चष्म्याचं दुकान रिकामं होतं. बाई काउंटरमागे एका फ्रेमचा स्क्रू बसवत होत्या. बाबांनी उभ्यानंच सांगितलं, थोडक्यात, एकदाही अडखळले नाहीत. बाईंनी स्क्रू बसवून पुरा केला. फ्रेम मऊ कापडावर ठेवली.

"तुम्ही बाहेर थांबा," त्या बाबांना म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "तुम्ही बसा. अकरा वर्षं तुम्ही समोरून आलात की मी रस्ता ओलांडत होते."

बाबा बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले. आतलं ऐकू येत नव्हतं. बाबांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसांना मान हलवून दाखवत होते, जणू ते तिथे सहज बसलेत.

पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे मी शेकडो लोकांना शिकवलंय. रक्त, श्वास, मोडलेलं हाड, सगळ्याला उत्तर आहे. बापाच्या शेजारी पायरीवर बसून काय करायचं, याला माझ्याकडे काही नव्हतं. मी एकदा विचारलं, "पाणी आणू?" ते म्हणाले, "नको." मी पुन्हा काही विचारलं नाही. ते माझं त्या आठवड्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. काका बाहेर आले. डोळे लाल होते.

"तुला आत बोलावलंय," ते बाबांना म्हणाले. "एकट्याला."

"काय म्हणाली?"

"ते तिचं आणि माझं. तुझं तुला सांगेल."

बाबा उठले. शर्ट खाली ओढून नीट केला, दाराशी क्षणभर थांबले आणि आत गेले. दार लागलं. काका त्यांच्या जागेवर, माझ्या शेजारी, पायरीवर बसले.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"लागू दे," काका म्हणाले. "आपण इथेच आहोत."